एका सिंहस्थाचं लाकूड

आमच्या लहानपणी महोगनी हे लाकूड नव्हतंच, तो एक रंग होता. बुटांच्या पॉलिशच्या डबीवर, व्हार्निशच्या डब्यावर, पुढे पुढे केसांच्या कलपाच्या खोक्यावरसुद्धा हा शब्द वाचला. इंग्रजी कादंबऱ्यांच्या मराठी अनुवादांत महोगनीचं टेबल हमखास असायचं आणि साहेब त्यावर कोपर टेकून पत्र लिहीत बसायचा. सागवानी कपाट किंवा शिसवी झोपाळा म्हटलं की डोळ्यांपुढे वस्तू उभी राहते. महोगनी म्हटलं की मला नुसता एक तांबूस तपकिरी डाग दिसायचा.

तर या वयात मला महोगनीचा अभ्यास करावा लागला, आणि तोही चांगला महिनाभर. कारण घरचंच आहे.

माहेरची आमची जमीन निफाड तालुक्यात. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर भावाचं आणि माझं अशी दोन नावं लागली. मी हक्कसोड केलं नाही आणि भावानेही कधी मागितलं नाही, असं आमचं सरळ होतं. भाऊ गेला, आता सगळं भाचा बघतो. दोन एकर द्राक्षबाग होती. अवकाळी पावसाने सलग हंगाम हातचे गेले आणि मागच्या वर्षी त्याने बाग तोडली. बाग तोडणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी द्राक्षं आहेत त्यांना सांगायला नको. तारा, अँगल तसेच उभे आणि खाली काही नाही. मी एकदाच बघून आले, परत गेले नाही.

परवा तो नाशकात आला तो पिशवीतून एक गुळगुळीत रंगीत पत्रक आणि स्टँपपेपरवरचा करार घेऊनच. एक कंपनी आफ्रिकन महोगनीची रोपं देणार, बारा वर्षांनी झाडं तीच विकत घेणार आणि एकरी कोटीच्या घरात पैसे. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. अशा बऱ्याच आहेत आणि सगळ्यांची पत्रकं एकाच छापखान्यातून आल्यासारखी दिसतात.

"आत्या, तुमची सही लागंल. सातबाऱ्यावर नाव आहे ना."

मी म्हटलं, ठेवून जा, वाचते. त्याचा चेहरा उतरला. शिक्षिका आत्या "वाचते" म्हणाली की काय होतं ते त्याला लहानपणापासून माहीत आहे! तरी चहा पिता पिता तो जे बोलला ते माझ्या मनात रुतून बसलं. म्हणाला, "झाडाला फवारणी नाही आत्या. रात्री दोनला उठून आभाळ बघायला नको, सकाळी उठून भाव विचारायला नको. बारा वर्षं नुसतं उभं राहायचं त्याने."

आम्हा नाशिककरांना बारा वर्षं म्हणजे एक सिंहस्थ. २००३ चा झाला, २०१५ चा झाला, आता पुढचा तोंडावर आहे. एका सिंहस्थात मूल दहावी-बारावीच्या उंबरठ्याशी येतं. पण लाकूड तयार होतं का? माझा प्रश्न एवढाच होता.

पहिली अडचण नावापासूनच. महोगनी म्हणजे नक्की कोण? मूळची महोगनी वेस्ट इंडीज बेटांवरची आणि मध्य अमेरिकेतली, शास्त्रीय नाव स्विटेनिया. १७२१ साली ब्रिटिश संसदेने आपल्या वसाहतींतल्या लाकडावरची जकात काढली आणि जमेकातलं हे लाकूड लंडनच्या सुतारांच्या हाती स्वस्तात पडायला लागलं. न वाकणारं, न फाटणारं, कोरीव कामाला लोण्यासारखं. कादंबऱ्यांतलं ते टेबल हेच. पुढे बेटांवरची मोठी झाडं संपत आली तेव्हा व्यापारी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेले. तिथे दिसायला तसंच, त्याच कुळातलं पण वेगळं झाड होतं, खाया. त्याचं लाकूड युरोपात 'आफ्रिकन महोगनी' म्हणून विकायला लागले. म्हणजे हे नाव मुळात दुकानदाराने ठेवलेलं. शिवाय खाया हेही एक झाड नाही, त्याच्या चार-पाच जाती लाकडासाठी तोडतात आणि त्यांच्या लाकडांत फरक आहे. खाया आयव्होरेन्सिस जातीचं वाळलेलं लाकूड घनफुटाला साधारण पंधरा किलो भरतं. आपला साग अठरा-एकोणीस किलो. आणि सेनेगलची जी जात आपल्याकडे रस्त्याकडेला सावलीसाठी लावलेली दिसते, तिचं लाकूड विसाच्या पुढे जातं. पत्रकात यातलं काही नव्हतं. नुसतं 'आफ्रिकन महोगनी', आणि शेजारी फोटो चक्क अमेरिकन महोगनीच्या फळाचा!

हे मला कसं कळलं? शाळेत भूगोल आणि मराठी शिकवलं असलं तरी झाडांचा नाद जुना आहे. अमेरिकन महोगनीचं फळ मोठं, लांबट, उभं, मुठीत न मावणारं. ते उकललं की आतलं बी एका बाजूला लांब पंख असलेलं निघतं आणि गरगर फिरत खाली येतं. खायाचं फळ लहान, गोल, लाकडी चेंडूसारखं. त्याचं बी चपटं आणि पंख कडेने सगळीकडून अगदी अरुंद. हातात घेतलं तर दुसरीतलं पोर ओळखेल. रोपं विकणाऱ्याला ओळखता येत नसतील तर कठीण आहे.

यात मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे हे सगळं कूळ आपल्या कडुनिंबाचं आहे. महोगनी, खाया, तूण, बकाण निंब, सगळी भावंडं. खायाची साल कडूजहर असते आणि पश्चिम आफ्रिकेत ती तापावर देत आले आहेत. आपल्या महाराष्ट्रातल्या कोरड्या पानझडी जंगलात रोहन नावाचं झाड आहे. लाल, जड, वाळवीला दाद न देणारं लाकूड, आणि साल कडू, तापावरचीच. कलकत्त्याच्या कंपनी बागेचे रॉक्सबर्ग साहेब होते, त्यांनी या रोहनला नाव दिलं 'स्विटेनिया फेब्रिफ्यूगा', म्हणजे तापावरची महोगनी! म्हणजे आपल्या रानातलं झाडही एकेकाळी कागदोपत्री महोगनी होतं. पुढे १८३० साली ज्युस्यू नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने रोहनला महोगनीतून वेगळं काढून स्वतंत्र घर दिलं, आणि त्याच वर्षी त्याच माणसाने 'खाया' हे नावही नक्की केलं. एकाच बैठकीत वाटणी झाल्यासारखं वाटतं मला. तुणीलाही इंग्रज 'इंडियन महोगनी' म्हणायचे. तिच्या दांडीच्या सतारी होतात. आणि माझा नातू जी गिटार वाजवतो (म्हणजे शेजारच्यांचा संयम बघतो) तसल्या गिटारींचे दांडे महोगनीचे नाही तर खायाचे करतात. सतार काय, गिटार काय, दोघी निंबाच्याच लेकी. असो.

पुस्तकातून एवढं कळलं. लाकूड मात्र सुतारालाच विचारावं लागतं. माझा एक जुना विद्यार्थी नाशकात सुतारकाम करतो. गणितात कायम पस्तिशीच्या आसपास, पण फळीवर नुसता हात फिरवून ती किती वाकली आहे ते सांगणारा. गावातले जुने वाडे पडतात तेव्हा त्यांच्या तुळया, खांब, चौकटी तो विकत घेतो. त्याच्याकडे गेले तर म्हणाला, "बाई, तुम्ही कशाला आलात, फोन करायचा." मग फळ्यांच्या मागून त्याने एक हातभर तुकडा काढला. मुंबईच्या कुठल्याशा बंगल्याच्या कामातून उरलेली आफ्रिकन महोगनी. मी पहिल्यांदा हातात घेतली. गुलाबी-तांबूस, हलकी, आणि उन्हाकडे तिरकी धरली की एक पट्टा उजळ, एक काळोखा, पुन्हा एक उजळ. पैठणीच्या पदरासारखी. तिरपी फिरवली की उजळ पट्टे काळे आणि काळे उजळ!

हे का होतं ते त्याने रंधा मारून दाखवलं. एका पट्ट्यावर पातं सुळकन गेलं, शेजारच्या पट्ट्यावर तेच पातं अडखळलं आणि लाकडाची लव उभी राहिली. "उलटसुलट आहे बाई हे." झाडाचे तंतू सरळ वर जात नाहीत. काही वर्षं उजवीकडे पीळ घेत वाढतात, मग काही वर्षं डावीकडे. सुंभ वळताना एकदा असा आणि एकदा तसा पीळ द्यावा तसं. म्हणून फळी दिसते सुंदर पण रंध्याला त्रास देते. पातं अतिशय धारदार लागतं आणि शेवटी पॉलिश पेपरनेच गुळगुळीत करावी लागते.

"टिकायला कसं?"

"घरात बेस्ट. कपाट करा, पलंगाचं डोकं करा, दाराला वरून विनियर चढवा. वाकणार नाही. पण चौकट नका करू. जमिनीला, ओलीला लागलं की वाळवी धरंल. सागाला अंगचं तेल आहे, ह्याला ते नाही."

हे मी नंतर ताडूनही पाहिलं. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, वाळवी त्याच्या वाऱ्याला उभी राहत नाही. खायाचा गाभा मध्यम टिकाऊ, आणि बाहेरचं फिकं लाकूड तर पोखरकिड्यांचं पक्वान्न. गंमत म्हणजे या गाभ्यात कीडनाशक मुरवायचं म्हटलं तरी सहज मुरत नाही. जे आहे ते आहे. म्हणून जगभर त्याचा उपयोग फर्निचर, विनियर, प्लायवूड, होड्यांचं आतलं काम, वाद्यं यांना. वाईट लाकूड अजिबात नाही. उलट फार गुणी आहे, पण त्याला त्याची जागा द्यावी लागते. पत्रकात म्हटलं होतं 'सागाला पर्याय'. ते मात्र चूक.

निघताना मी त्याला बारा वर्षांचं विचारलं. तो हसला आणि मला मागे घेऊन गेला. तिथे एक गोल ओंडका पडला होता, परदेशी साग, घानाचा. आपला साग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम आफ्रिकेत नेऊन लावला गेला आणि आता तिथून जहाजाने कांडल्याला उतरतो. आपला साग तिकडे आणि त्यांची महोगनी इकडे! ओंडक्याच्या तोंडाशी बाहेरून जाड पांढरं कडं होतं आणि मध्ये बशीएवढा तपकिरी गाभा. शेजारी कुठल्याशा वाड्याची तुळई होती, शंभरावर वर्षांची, आरपार एकच मधाळ रंग.

"हे कोवळं आहे बाई," तो पांढऱ्यावर अंगठा दाबून म्हणाला. "लाकूड आहे, पण अजून झालेलं नाही. ह्याला पैसे गाभ्याचेच मिळतात."

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म त्याच्या त्या अंगठ्याखाली होतं. झाडाची जात कितीही मोठी असो, गाभा भरायला वर्षं लागतात, आणि लवकर फोफावलेल्या झाडाचा पांढरा भागही लवकर फोफावतो. फिजी बेटांवर इंग्रजांच्या काळात अमेरिकन महोगनीची मोठी लागवड झाली. १९६० च्या दशकात जी झाडं लावली त्यांची तोडणी २००० नंतर सुरू झाली. म्हणजे तीन सिंहस्थ उलटून गेल्यावर.

घरी येऊन मी वही काढली. लाकडाच्या वखारीत उभ्या झाडाचा हिशोब फार सोपा असतो: बुंध्याचा घेर मोजा, त्याचा चौथा हिस्सा घ्या, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा. पत्रकात दहा फूट बाय आठ फुटांवर रोपं सांगितली होती. एकराचे ४३,५६० चौरस फूट भागिले ८०, म्हणजे ५४४ झाडं. झाडामागे वीस घनफूट लाकूड धरलं होतं. पंधरा फूट सरळ बुंधा धरला तर वीस घनफुटांसाठी घेर साडेचार फुटांच्या वर हवा. दहा-आठ फुटांच्या अंतरात, एकमेकांची सावली खात, पाचशे चव्वेचाळीसच्या पाचशे चव्वेचाळीस झाडांनी बारा वर्षांत साडेचार फूट घेर धरायचा! मधली झाडं विरळ करायला लागतात हे पत्रकात नाही. विरळ केली की एकरी आकडा निम्म्यावर येतो, म्हणूनच नसावं. घेर तीन फूट धरला तर झाडामागे साडेआठ घनफूटही भरत नाही, आणि त्यातलं बरंचसं पांढरं.

आणि तो पंधरा फूट सरळ बुंधा तरी मिळणार का? या सगळ्या कुळाचा एक खास शत्रू आहे, शेंडा पोखरणारी अळी. हिप्सिपायला तिचं नाव. तुणीवर ती आपल्याकडे पूर्वीपासून आहे, महोगनी आणि खायाही तिला चालतात. ती कोवळ्या शेंड्यात शिरते, शेंडा मरतो, खालून दोन फांद्या फुटतात आणि पुन्हा तसंच. झाड मरत नाही, झुडपासारखं पसरतं. सावलीला छान, करवतीला निरुपयोगी. भाच्याला म्हटलं, आपल्याच भागात कुणी तीन-चार वर्षांपूर्वी लावलेली दाखव. त्याने एका ओळखीच्याच्या शेतावर नेलं. झाडं जिवंत होती, हिरवीगार होती. पण निम्म्याहून जास्त झाडांना माझ्या खांद्याच्या उंचीवरच बेचकं फुटलेलं. भाचा गप्प उभा होता. "फवारणी नाही" म्हणणारा तोच होता, त्यामुळे मी काही बोलले नाही.

खरं तर हे नवीन नाही. १९९० च्या दशकात सागाच्या कंपन्या आल्या होत्या, आठवतं का? स्टाफरूममध्ये पत्रकं फिरायची. एवढे हजार भरा, वीस वर्षांनी लाखो घ्या. माझ्या काही सहकाऱ्यांनी भरले, कंपनीचं ऑफिस एके दिवशी बंद झालं आणि साग कुठे होता हे कुणी पाहिलंच नव्हतं. अशा लोकांना वेसण घालायला सेबीने १९९९ साली सामूहिक गुंतवणुकीचे नियम केले. मग मध्ये इमू आले, अंडी सोन्याच्या भावाने विकणार होते. आता महोगनी. गुंतवणूक म्हणून पैसे गोळा करत नाहीत, रोपं विकतात, एवढाच फरक. आणि करारात बारकाईने पाहिलं तर 'त्या वेळच्या बाजारभावाने आणि प्रतवारीनुसार' खरेदी करणार असं लिहिलं आहे. प्रतवारी कोण करणार? तेच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जगात महोगनीला किंमत आहे आणि ती वाढणार आहे, हे खोटं नाही. रानातल्या खायाची इतकी तोड झाली की २०२२ मध्ये पनामात भरलेल्या सायटिसच्या अधिवेशनात आफ्रिकेतल्या खायाचा व्यापार परवान्याखाली आणला. अमेरिकन महोगनी त्याआधीच त्या यादीत गेली होती. म्हणजे लागवडीच्या लाकडाला उद्या मागणी येऊ शकते. माझं भांडण झाडाशी नाही, बाराच्या आकड्याशी आहे.

भाचा पुन्हा आला तेव्हा मी वही पुढे केली. त्याने आकडेमोड शांतपणे पाहिली, दोन ठिकाणी माझ्यापेक्षा बरोबर प्रश्न विचारले. पंधराव्या वर्षी विकली तर? मधे आंतरपीक घेतलं तर? मग वही मिटून म्हणाला, "म्हणजे सही नाही."

"कंपनीच्या करारावर नाही. झाडांना नाही म्हणत नाही मी."

"दोन एकराचं काय करू मग आत्या? तुम्ही सांगा. परत द्राक्ष लावू? त्या तारा बघून मला झोप येत नाही."

याला माझ्याकडे हिशोब नव्हता. तो बावळट नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्याला कोटी रुपये नको होते. त्याला बारा वर्षांची झोप हवी होती आणि पत्रकात नेमकी तीच विकायला ठेवली होती. आम्ही दोघं बराच वेळ काही न बोलता बसलो. शेवटी सून म्हणाली, बाबा जेवून जा. तर जेवला, पण पोळ्या नेहमीपेक्षा दोन कमी.

पुढे फोनवर दोन-तीनदा बोलणं झालं, एकदा जरा कडक झालं, ते इथे लिहीत नाही. त्याची बायको मध्ये पडली. तारा-अँगल विकायचे ठरले, त्यात सोसायटीच्या कर्जाचा एक हप्ता निघाला. एका एकरात मका घातला आहे. दुसऱ्या एकराचं अजून ठरलेलं नाही. बांधावर मात्र चाळीस झाडं लावली, बारा-बारा फुटांवर. बी हातात घेऊन बघितलेल्या रोपवाटिकेतली पंधरा खाया, दहा कडुनिंब, आंबे, आणि वन खात्याच्या रोपवाटिकेत खूप विचारणा करून मिळालेले रोहन दोन. रोहन बघून भाचा म्हणाला, ह्याचे किती मिळतील? मी म्हटलं, तुझ्या नातवाला विचार.

करार माझ्या टेबलाच्या खणात आहे. कंपनीच्या माणसाचा अधूनमधून फोन येतो, मला 'मॅडम' म्हणतो आणि विचारतो, वाचून झालं का?

काल भाच्याने मोबाईलवर फोटो पाठवला. खायाच्या एका रोपाच्या शेंड्याशी बारीक भोक आणि भुशासारखी विष्ठा. खाली लिहिलं होतं, 'हीच का ती?' हीच ती. सांगितलं, शेंडा दोन बोटं खालून काप, अळी दिसली तर मार, आणि नवे फुटवे येतील त्यातला सगळ्यात सरळ एकच ठेव. संध्याकाळी दुसरा फोटो आला: कापलेला शेंडा, त्यात गुंडाळून बसलेली अळी, आणि शेजारी मापाला त्याने ठेवलेला स्वतःचा अंगठा.